‘बर्सर्क’ कसं वाचावं आणि दुसऱ्याच्या हाती कसं द्यावं

केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका सुचवणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. एक, ‘वाच रे, भारी आहे’ एवढंच म्हणून मोकळे होणारे. दुसरे, उत्साहाच्या भरात पहिला चहा संपायच्या आत तेराव्या खंडापर्यंतची गोष्ट सांगून टाकणारे. दोघंही नव्या वाचकाचं नुकसान करतात. पहिल्यामुळे तो बेसावध सापडतो, दुसऱ्यामुळे त्याला स्वतःहून गाठायला काही उरत नाही. या मालिकेत हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहेत, लहान मुलांवरचे अत्याचारही आहेत. आणि कथेचा सगळा जोर एका मैत्रीचं काय होतं यावर आहे. पहिल्या गोष्टीची कल्पना आधी द्यायची आणि दुसरीबद्दल तोंड बंद ठेवायचं, हे जमलं की बाकीचं सोपं आहे.

आधी थोडी ओळख. मालिका १९८९ मध्ये ‘मंथली अ‍ॅनिमल हाउस’ या जपानी मासिकात सुरू झाली आणि १९९२ पासून ‘यंग अ‍ॅनिमल’मध्ये येऊ लागली. प्रकाशक हाकुसेन्शा. २००२ मध्ये तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कारांतला उत्कृष्टतेचा पुरस्कार मिळाला. मिउरा ६ मे २०२१ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, महाधमनी फाटून अचानक गेले. तोवरचं काम ४१ खंडांत आहे. नायक गट्स: एक डोळा, एका हाताच्या जागी लोखंडी हात, पाठीवर माणसाच्या उंचीहून मोठी तलवार. तो कुणाच्या तरी मागावर आहे. कुणाच्या आणि का, ते पुस्तकाला सांगू द्या.

आवृत्ती कोणती घ्यावी

इंग्रजीत ही मालिका २००३ पासून डार्क हॉर्स काढते. दोन पर्याय आहेत: सुटे, मऊ बांधणीचे छोटे खंड, आणि २०१९ पासून आलेली मोठ्या आकाराची, पुठ्ठा बांधणीची डीलक्स आवृत्ती. एका डीलक्स खंडात तीन सुटे खंड असतात. चौदाव्या डीलक्समध्ये ४०वा आणि ४१वा खंड आणि अधिकृत मार्गदर्शिका आहे.

चित्रासाठी वाचणार असाल तर डीलक्स घ्या, यात मला शंका नाही. मिउरा बारीक रेघांची जाळी विणून अंधार उभा करतात. छोट्या पानावर त्या रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल तर त्याचा मधला भाग शिवणीत गडप होतो. मोठ्या पानावर चिलखताचा एकेक पत्रा वेगळा दिसतो. तोटे दोन. एक खंड काही हजार रुपयांना पडतो, आणि तो आडवं पडून छातीवर ठेवून वाचण्याइतका हलका नाही. टेबल किंवा मांडीवर उशी, हाच उपाय.

लोकलमध्ये वाचायचं असेल, किंवा आवडेल की नाही याचीच खात्री नसेल, तर सुटे खंड बरे. पण पहिला एकटा घेऊ नका, पहिले तीन एकदम घ्या. कारण पुढे येईल.

विश्वास बसणार नाही इतका स्वस्त संच दिसला की थांबा. चोरून छापलेल्या प्रतींत राखाडी छटा धुऊन निघालेल्या असतात, बारीक रेघा फुटलेल्या असतात, कडेचं चित्र कापलेलं असतं. विक्रेत्याकडून आतल्या एखाद्या गडद पानाचा फोटो मागवा. रात्रीच्या दृश्यात नुसता डांबराचा पट्टा दिसत असेल तर घेऊ नका.

पहिलं पान उघडण्यापूर्वी

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे बहुतेकांना माहीत असतं, तरी सुरुवातीला डोळा सवयीने डावीकडे धावतो. पानाच्या उजव्या वरच्या चौकटीपासून सुरुवात करा, आणि चौकटीच्या आतले संवादही उजवीकडूनच घ्या. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतोय असं वाटलं तर तुम्ही उलटे चालला आहात. दहावीस पानांत हे बसतं.

मग वेळ आणि जागा. पहिल्या खंडाची पहिलीच पानं उघड लैंगिक आणि रक्तबंबाळ आहेत. बसमध्ये शेजारी कुणी काकू बसलेल्या असताना, किंवा घरी हॉलमध्ये पोरं खेळत असताना ती उघडू नका.

टप्प्याटप्प्याने वाचन

सलग वाचून संपवायची ही मालिका नाही. मी कुणालाही देताना ती टप्प्यांत देतो, आणि प्रत्येक टप्प्याला थांबण्याची जागा सांगून ठेवतो.

पहिला टप्पा, खंड १ ते ३ (पहिला डीलक्स). इथे सर्वाधिक वाचक गळतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. १९८९ मध्ये मिउरा तेवीस वर्षांचे होते. चित्रं नंतरच्या मानाने राकट, नायक उद्धट आणि क्रूर, आणि सोबतीला पक नावाचं एक चिमुकलं बडबडं उडतं पात्र, जे या सगळ्यात कशाला आलंय असं वाटतं. पहिला खंड एकटा वाचला तर ‘राक्षस मारणारा अजून एक जण’ एवढंच हाती लागतं. तिसऱ्या खंडात दार उघडतं. तिथे एक जागा येते जिथे जिने वर जातात, खाली जातात, उलटेही लटकतात आणि वर-खाली या गोष्टीला अर्थच उरत नाही. डच चित्रकार एशरचे जिने पाहिलेल्याला ते लगेच ओळखू येतील. तिथे कोण कुणाला काय म्हणतं आणि गट्सचा चेहरा कसा बदलतो, ते दोनदा वाचा. सुरुवातीच्या संतापामागे काय आहे याची पहिली चाहूल तिथे आहे. याच खंडात गट्सच्या बालपणाकडे कथा वळते, आणि एक अतिशय क्लेशदायक प्रसंगही तिथेच आहे.

दुसरा टप्पा, खंड ४ ते १३. हा भूतकाळाचा भाग आहे. गट्स, ग्रिफिथ आणि कास्का. एक भाडोत्री सैन्याची टोळी. लढाया, दरबार, बढत्या, मत्सर. राक्षस जवळपास नाहीतच. हा भाग हळू वाचा. लढाया थरारक आहेत, पण त्यापेक्षा लढाईनंतरच्या रात्री जास्त महत्त्वाच्या: शेकोट्या, जखमा शिवणारे हात, कोण कुणाच्या शेजारी बसलंय. ग्रिफिथच्या गळ्यातल्या अंड्याच्या आकाराच्या लाल ताईताकडे लक्ष ठेवा. त्यावर डोळे, नाक, तोंड आहेत, पण जागच्या जागी नाहीत.

आठव्या खंडात एक हिवाळ्याची सकाळ येते. बर्फाने झाकलेली टेकडी, मोजकी माणसं, समोरासमोर दोघे. त्याआधीच्या पानांवर सैन्य, झेंडे, भाले यांची गर्दी असते. इथे मिउरा कागद पांढरा सोडतात. आकाश कोरं, जमीन कोरी, चौकटी मोठ्या आणि संवाद जवळजवळ बंद. तलवारीचं एक पातं, एक चेहरा, पुन्हा पांढरं. घाईत वाचणारा ही पानं पटापट उलटतो, कारण वाचायला शब्दच नसतात. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची पानं हीच. ज्याला पुस्तक दिलं आहे त्याला इथे पोचल्यावर फोन करा आणि एकच विचारा: ‘चूक कुणाची वाटते?’ उत्तर काहीही असो, पुढचं सांगू नका.

आता खरेदीशी जोडलेली सूचना. चौथा डीलक्स बाराव्या खंडावर संपतो आणि पाचवा तेराव्यापासून सुरू होतो. म्हणजे मालिकेतला सर्वांत भयंकर प्रसंग बरोबर दोन पुस्तकांच्या मधोमध कापला गेला आहे. पाचवा हाताशी असल्याशिवाय चौथ्याचा शेवट वाचायला बसू नका. दुसऱ्याला देतानाही चौथा-पाचवा जोडीनेच द्या.

तेरावा खंड संपला की थांबा. दोन दिवस थांबा, आठवडा थांबा. इथे सामूहिक कत्तल आणि बलात्कार सविस्तर दाखवला आहे, आणि तो दाखवायला हवा होता का यावर वाचकांत अजून वाद आहेत. मला विचाराल तर त्या प्रसंगाचं ओझं कथा पुढे वीसपंचवीस खंड इमानाने वाहते, पण कॅमेरा नको तिथे रेंगाळतो हा आक्षेपही खरा आहे. ज्याला ही पानं नकोत त्याने ती गाळून पुढे जावं. काय घडलं ते पुढच्या खंडांवरून कळतं. गाळलं म्हणून कुणी कमी वाचक ठरत नाही.

इथेच एक माहिती उपयोगी पडेल: मासिकात छापलेलं ८३वं प्रकरण मिउरा यांच्याच इच्छेनुसार पुस्तकात घेतलेलं नाही. या जगाबद्दल ते फार लवकर फार काही उघड करतं असं त्यांना वाटलं. तुमच्या प्रतीत पान गहाळ नाही, निश्चिंत राहा.

तिसरा टप्पा, खंड १४ ते २१. कथा पुन्हा वर्तमानात येते. मालिका सुरू होण्यापूर्वी, १९८८ मध्ये मिउरा यांनी काढलेली मूळ छोटी कथा चौदाव्या खंडात जोडलेली आहे. ती मुख्य कथेचा भाग नाही, त्यामुळे गोंधळू नका. पुढे हरवलेल्या मुलांचा उपभाग, मग धर्मन्यायाधीश, छळछावणीसारखा मनोरा, चेटकीण ठरवून जाळलेल्या बायका. सातवा डीलक्स बरोबर एकविसाव्या खंडावर, हा भाग संपतो तिथेच संपतो. पैसे किंवा मन दोन्हींपैकी काहीही कमी पडत असेल तर मुक्काम करायला ही उत्तम जागा.

त्यापुढचं थोडक्यात. बाविसाव्यापासून कथेचा सूर बदलतो. गट्सभोवती माणसं जमतात: फार्नीज, सर्पिको, इसिद्रो, आणि शिर्के नावाची एक लहानगी जादूगारीण (हो, नाव तसंच उच्चारलं जातं, सातारकडची नाही). विनोद वाढतो, जादू वाढते. सव्विसाव्या खंडाच्या आसपास पुन्हा लैंगिक हिंसेची पानं आहेत, तेवढी सूचना देऊन ठेवा. पस्तिसाव्यापासून शेवटचा मोठा भाग. त्यात एक समुद्रप्रवास आहे जो मासिकात वाचणाऱ्यांना वर्षानुवर्षं पुरला. सगळे जहाजावर चढले ते उतरेचनात, ही थट्टा अजून चालते. तुम्हाला तो काही बैठकांत उरकता येईल.

इतिहास किती मानायचा

कथेतल्या मिडलँड आणि ट्यूडर या राज्यांमधलं शंभर वर्षांचं युद्ध वाचून इंग्लंड-फ्रान्सचं १३३७ ते १४५३ चं युद्ध आठवणारच. भाडोत्री फौजाही खऱ्याच: चौदाव्या शतकात इटलीच्या नगरराज्यांसाठी पैसे घेऊन लढणारी ‘व्हाइट कंपनी’ प्रसिद्ध आहे. पण पुस्तकात तारखा शोधत बसू नका. मिउरा वेगवेगळ्या शतकांतली चिलखतं, किल्ले, जहाजं एका ठिकाणी आणतात. दोन हातांनी पेलायच्या खऱ्या युरोपीय तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोच्या असत. गट्सची तलवार उचलणारा माणूस जन्माला यायचा आहे.

मराठी वाचकाचे कान टवकारतात ते कुशाण आल्यावर. पूर्वेकडून चालून येणारं कुशाण साम्राज्य, त्याचा सम्राट गनिष्का, त्याच्या सैन्यातले ‘पिशाच’ आणि ‘मकर’. इंग्रजी वाचकाला हे शब्द परके, आपल्याला घरचे. खरा कनिष्क ओळखीचा असल्यामुळे आपण इथे थोडे पुढे असतो. मकर तर आपल्या देवळांच्या तोरणांवर बसलेलाच असतो. इथे तो हत्ती आणि देवमाशाचं मिश्रण होऊन किनाऱ्यावर येतो. मात्र हे चित्रण एकांगी आहे, हेही ओळखीमुळेच जास्त खटकतं. पूर्वेचं सैन्य म्हणजे रानटी, मायावी, हत्ती-वाघ घेऊन आलेलं, ही युरोपीय कथांतली जुनीच खोड. वाचनगटात चर्चेला हा विषय घ्या, तास कसा जातो कळणार नाही.

अ‍ॅनिमे आधी की पुस्तक

पुस्तक. १९९७ ची २५ भागांची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका भूतकाळाचा भाग सुंदर मांडते, संगीत तर अप्रतिम, पण ती नेमकी सर्वांत वाईट क्षणी संपते आणि काही महत्त्वाची पात्रं तिच्यात नाहीतच. २०१२-१३ चे तीन चित्रपट घाईचे आहेत. २०१६-१७ ची मालिका चाहतेसुद्धा सुचवत नाहीत. तेरावा खंड वाचून झाल्यावर १९९७ ची बघा.

कुणाला द्यायचं, काय सांगून द्यायचं

अठराच्या खाली नाही. घरातल्या भाच्याने ‘सगळे वाचतात’ म्हणून कितीही गळ घातली तरी नाही. त्याला राक्षस आणि जुना जपान हवाच असेल तर तेझुकांची ‘दोरोरो’ द्या: सत्तापिपासू बापाने ४८ राक्षसांना शरीराचे अवयव देऊन टाकलेला मुलगा ते एकेक करून परत मिळवतो. तीही काळोखी आहे, पण तिथे हात आखडावा लागत नाही.

प्रौढ मित्राला देताना मी साधारण असं सांगतो: ‘यात बलात्काराची दृश्यं आहेत, मुलांवरच्या अत्याचाराचीही. पहिल्या खंडाची सुरुवात, तिसऱ्यातलं बालपण, दहावा-अकरावा, आणि बारा-तेरा. आधी सांगून ठेवतोय. नको वाटलं तर पानं उलट, किंवा परत दे, मी विचारणार नाही.’ यात एकही रहस्य फुटत नाही. कोण कुणाशी काय करतं हे सांगायची गरजच नाही, खंडाचा आकडा पुरतो. जिच्या किंवा ज्याच्या आयुष्यात असं काही घडलेलं असू शकतं, त्या व्यक्तीच्या हाती तर हे सांगितल्याशिवाय पुस्तक द्यायचंच नाही. आणि वाढदिवसाची भेट म्हणून चमकदार कागदात गुंडाळून द्यायचं हे पुस्तक नव्हे. आधी विचारा.

प्रत हाताळण्याबद्दल थोडं. डीलक्सची काळी पानं बोटांचे ठसे लगेच धरतात. हात कोरडे हवेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी आधी तिथून चढते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अधूनमधून बदला. जड पुस्तक उभंच ठेवायचं, पण दोन्ही बाजूंनी आधार देऊन. तिरकं राहिलं की पानांच्या वजनाने शिवण ओढली जाते. उसनं देताना एका वेळी एकच टप्पा द्या. पूर्ण संच एकदम दिला की तो परत येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

गटाने वाचणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच नियम पाळा: संदेशाच्या सुरुवातीला खंडाचा आकडा. ‘खंड ८:’ असं लिहिलं की जो सातव्यावर आहे तो पुढे वाचत नाही. गटाचं चित्र म्हणून ग्रिफिथचं नंतरच्या खंडांतलं रूप लावणाऱ्याला आठवडाभर गप्प बसवावं.

इंटरनेटवर टाकताना

विकत घेतलेली प्रत मित्राला वाचायला देण्यात काही गैर नाही. स्कॅन केलेले खंड पीडीएफ करून गटात टाकणं मात्र कॉपीराइटचा भंग आहे. १९५७ च्या भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे मिउरा यांचं काम २०८१ च्या अखेरीपर्यंत सुरक्षित आहे. आपल्या हयातीत ते मोकळं होईल अशी आशा धरू नये. परीक्षण किंवा टीका लिहिताना मुद्द्यापुरती एखादी चौकट दाखवायला कायद्याच्या ५२व्या कलमात जागा आहे. सबंध प्रकरणाची चित्रं एकामागून एक लावून खाली ‘कसं वाटलं?’ लिहिणं म्हणजे परीक्षण नव्हे.

आणि कोणती चौकट निवडता तेही पाहा. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि मुलं दाखवलेली असतील तर त्याहून कडक कलम आहे. ‘ही तर कॉमिक आहे’ या बचावावर विसंबून राहू नका. तलवार, चिलखत, निसर्ग, चेहरे यांत दाखवण्यासारखं भरपूर आहे.

मराठीत भाषांतर करून टाकावं अशी हुरहूर अनेकांना लागते. भाषांतराचा हक्कही हक्कधारकाकडेच असतो, त्यामुळे संवाद बदलून पानं टाकणं तेवढंच बेकायदा. त्याऐवजी मराठीत लिहा: एका प्रसंगावर, एका पात्रावर, कुशाणांवर. तशा लेखांची वानवा आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिलं एक, आणि पुस्तक देतानाच ते सांगून टाकायचं असतं: मालिका पूर्ण नाही. मिउरा यांनी काढलेलं शेवटचं, ३६४वं प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये छापून आलं. जून २०२२ पासून त्यांच्या सहायकांचा स्टुडिओ गागा पुढची प्रकरणं काढतो आहे. देखरेख करतात कोउजी मोरी, मिउरा यांचे शाळेपासूनचे मित्र आणि स्वतः मांगाकार, ज्यांना मिउरा यांनी पूर्वी कथेचा शेवट सांगितला होता. मिउरा जे बोलले तेवढंच काढू, स्वतःची भर घालणार नाही, असं मोरींनी सुरुवातीलाच जाहीर केलं. त्या कामाचा ४२वा खंड जपानमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये आला. काही वाचक ४१व्यावर थांबतात, काही पुढे जातात. मी पुढे गेलो. रेघ सारखीच आहे, पण दृश्यं पूर्वीसारखी रेंगाळत नाहीत, ऐकलेली गोष्ट कुणी जपून सांगावी तशी सरळ पुढे सरकतात. ४१वा खंड संपवून तुमचा मित्र ‘पुढचा दे’ म्हणेल, तेव्हा पुढच्याची चित्रं मिउरांच्या हातची नाहीत, एवढं सांगून ४२वा पुढे करा.